हद्दीवरची तीन इसाले

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनासिया वहिनी अशी काही किंचाळली, की आइकांदेच्या डोक्यावरचा गवताचा भारा गायीच्या गव्हाणीत पडायचा तो तिच्या स्वतःच्याच पायावर पडला.

"सोड! ए पोरी, सोड ती दोरी! देवा रे देवा, हद्दीवर लंगोट! माझ्या सासऱ्यांच्या हद्दीवर लंगोट वाळत घातलेत!"

आइकांदे केळीच्या बागेतून धावत निघाली. साठी ओलांडलेली बाई धावते म्हणजे काय, जरा लगबगीने चालते आणि मनातून धावते. अवोकाडोच्या झाडाखाली पोचून बघते तर खरंच. तिच्या थोरल्या भावाच्या, अनाएली दादाच्या बाजूला इसालेची तीन झाडं एका रेषेत उभी होती, माणसाच्या दीडपट उंच, हिरवीगार. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी दोरी ताणलेली. दोरीवर अकरा लंगोट, दोन दुपटी आणि एक टोपडं. दोरीपाशी कबुला उभी. तोंडात चिमटे, त्यामुळे बिचारीला उत्तरही देता येईना.

कबुला मोठ्या सरोवराकाठची, सुकुमा जमातीची. आइकांदेच्या धाकट्या भावाच्या, न्देरिंगोच्या मुलाने, फानुएलने तिच्याशी दार-एस-सलामला लग्न केलं, तीन महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला, आणि आता नाताळला बाळ घेऊन दोघं घरी आली होती. डोंगरावर तिचा हा तिसराच दिवस. तिच्या माहेरी झाड म्हणजे झाड. इथे इसालेवर कुणी टोपीसुद्धा अडकवत नाही. दोन भावांची जमीन कुठे संपते ते इसाले सांगतं, बापाला कुठे पुरलंय ते इसाले सांगतं, आणि त्याच्या पानाला गाठ मारून ते कुणापुढे धरलं तर त्या माणसाला माफ करावंच लागतं. नाही केलं तर ते त्याच्याच घराला बाधतं. अशा झाडावर अकरा लंगोट.

तेवढ्यात अनाएली दादा काठी टेकत आपल्या घराकडून आला आणि इसालेच्या दोन हात अलीकडे थांबला. सोळा वर्षं तो तिथेच थांबत होता. पलीकडून न्देरिंगो आला, शर्टाची बटणं लावत, आणि तोही त्याच्या नेहमीच्या दगडापाशी थांबला. दोघा भावांच्या मध्ये पाच पावलं रुंदीचा पट्टा आणि पट्ट्यात आइकांदेची केळी.

भांडण त्या पट्ट्याचंच होतं. त्यांच्या बापाने, म्हाताऱ्या एलिआफोने, वरच्या रस्त्यापासून खालच्या पाटापर्यंत हद्दीवर इसाले लावली होती. एल निनोच्या पावसात पाट फुटला आणि अवोकाडोच्या खालची सगळी रांग वाहून गेली. पुढे नऊ वर्षांनी म्हातारा गेला, भावांनी वाटणी बघायला घेतली, तर अवोकाडोच्या खाली ही तीन इसाले उभी. पण जुन्या रेषेत नाही, पाच पावलं दादाच्या जमिनीत. न्देरिंगो म्हणाला, बाबांनी पुरानंतर नवी लावली, हद्द हीच, इसाले खोटं बोलत नाही. दादा म्हणाला, हद्द वरून सरळ येते, बाबा काही नागमोडी माणूस नव्हता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. म्हणजे बोलत होते, पण आइकांदेमार्फत.

"आइकांदे," दादा म्हणाला, "त्याला सांग, त्याच्या सुनेने दोरी काढावी."

"न्देरिंगो, दादा म्हणतोय..."

"ऐकलं मी. त्याला सांग, दोरी माझ्या इसालेला बांधलीय. त्याच्या बापाचं काय जातं?"

"बाप दोघांचा एकच होता," आइकांदे म्हणाली.

"हे बरं बोललीस. तेही सांग त्याला," दादा म्हणाला.

फानुएल चहाचा कप घेऊन आला. सव्वीस वर्षांचा, उंच, आणि शहरातून आलेल्या माणसाला गावचं सगळं सोपं वाटतं तसं त्याला सगळं सोपं वाटत होतं. "मोठे बाबा, कशाला डोकं तापवताय? एका दिवसाचा प्रश्न आहे. उद्या माणसं येतायत पाया खणायला. भिंत झाली की दोरी भिंतीला बांधू."

सिमेंटचे ठोकळे चार दिवसांपासून रस्त्याकडेला येऊन पडले होते, केळीच्या पानांनी झाकलेले. सगळ्यांनी पाहिले होते आणि सगळे 'गोठ्यासाठी असतील' असं म्हणत होते.

"भिंत?" दादाने विचारलं. "कुठल्या रेषेवर?"

"या तीन इसालेच्या. वरची रांग पण काढावी लागेल, नाहीतर पाया बसत नाही. मोठे बाबा, झाडांची हद्द आता कोण ठेवतं? भिंत घातली की कुणी काही बोलायला नको."

दादाने वरच्या रांगेकडे पाहिलं. मग बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता, आणि आइकांदेला ते त्याच्या ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"बाबांच्या एका जरी इसालेला पहार लागली, तर मी त्या पोराला मांडीवर घेणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. आणि मी मेलो की तुमच्यातल्या कुणी माझ्या मयताला येऊ नका. माझ्या मुलींना तसं सांगून ठेवतो."

तो वळला आणि गेला. अनासिया वहिनी त्याच्या मागे गेली, पण जाताना तिने एकदा वळून बाळाच्या टोपड्याकडे पाहिलं.

बाळाचं नाव ठेवायचं होतं ते त्याच दुपारी. घरातल्या सगळ्यात वडील पुरुषाने बाळाला मांडीवर घेऊन नावाने हाक मारायची, मग ते घरचं. तोवर सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत होते. पाहुणा दूध प्यायला, पाहुणा झोपला. तीन महिने गंमत वाटत होती.

"नको तर नको!" न्देरिंगो दादाच्या पाठीकडे बघून ओरडला. "ताई, त्याला सांग, माझ्या नातवाला मी घेईन मांडीवर!"

"तू धाकटा आहेस," आइकांदे म्हणाली.

"मग राहू दे पाहुणा!" असं म्हणून तोही घरात गेला. दार आपटलं खरं, पण त्याला लगेच वाईट वाटलं असावं, कारण मागोमाग त्याने ते हळूच परत उघडलं.

*

कबुला दोरी सोडत होती आणि नाक ओढत होती.

"रडू नकोस गं," आइकांदे म्हणाली. "आमच्याकडे झाडाची पण मर्जी सांभाळावी लागते. चल, माझ्याबरोबर ये, हाताला काम लागलं की बरं वाटेल."

पाऊस ओसरला की दर वर्षी आइकांदे हद्दीची सगळी रांग साफ करायची. दोन्ही भावांच्या बाजूंनी. ते काम तिच्याशिवाय कुणाला करता आलं नसतं. दादाने हात लावला तर न्देरिंगो ओरडला असता, न्देरिंगोने लावला तर दादा. तिने कबुलाला खालची वाळलेली पानं कशी ओढायची ते दाखवलं. वरून खाली, एका झटक्यात, साल न सोलता. जे इसाले फार उंच आणि काटकुळं झालंय त्याचा शेंडा उडवायचा, कापावर शेणाचा बोळा दाबायचा, म्हणजे बाजूने दोन-तीन फुटवे येतात आणि रांग दाट होते.

"पाणी?" कबुलाने विचारलं.

"पाणी मागत नाही. उलट पाटाचं पाणी बुंध्याशी साचलं तर मुळं कुजतात. याला सावली लागते. हे बघ, केळीखालचं पान कसं काळंभोर हिरवं आहे. आणि तिथे केळ पडली, ऊन आलं, तर कडा करपल्या. बाकीची सगळी झाडं उन्हाकडे वाकतात. हे एकच झाड आहे ज्याला दुसऱ्याच्या मागे उभं राहायला आवडतं."

"आणि लावायचं कसं? बी टाकून?"

"बी कशाला? दांडकं कापायचं, दोन दिवस सावलीत ठेवायचं, कापावरची ओल सुकली की खोचायचं मातीत. न ठेवता खोचलं तरी लागतं, तसं ते हट्टी आहे. टेकू म्हणून लावलेलं दांडकंसुद्धा..." आइकांदे तिथेच थांबली.

कबुला वरच्या रांगेकडे बघत होती. मग खालच्या तीन झाडांकडे. "आत्याबाई, एक विचारू? रागवू नका. वरची सगळी किती खेटून लावलीत, वीत-दीड वीत अंतर. ही तीनच लांब लांब. दोन टोकांना दोन आणि एक मध्ये. आमच्याकडे दोरी बांधायची तर असेच तीन खांब लावतात. मधला असतो तो ओल्या ब्लँकेटने दोरी खाली येऊ नये म्हणून. मी पाहिलं आणि म्हटलं, वा, दोरीची सोय आहे. म्हणून बांधली."

आइकांदेच्या हातातला कोयता तसाच राहिला. सोळा वर्षं. कुळातले म्हातारे येऊन गेले, चर्चचे वडील येऊन गेले, एकदा गावचा अध्यक्ष दोन माणसं आणि मोजपट्टी घेऊन येऊन गेला. एकाच्याही डोक्यात जे आलं नाही ते या पोरीने चिमटे तोंडात धरून पाहिलं होतं.

"बस," ती म्हणाली, आणि स्वतःच आधी अवोकाडोच्या मुळावर बसली. "तुझ्या नवऱ्याचा जन्म एल निनोच्या पावसातला. त्याच साली मी नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. त्याची आई बाळंतपणातून उठलीच नाही नीट. तीन महिने तिचं सगळं मी केलं, पोराचंही. पाऊस थांबतच नव्हता. चुलीवर लंगोट वाळवले तर धुराचे वास, नाही वाळवले तर पोराच्या कुल्ल्यांना पुरळ. या झाडाखाली तेवढी जरा आडोशाची जागा होती. पण दोरी बांधायला काही नाही, सगळी केळी लवलेली. मी बाबांच्या रांगेतली तीन दांडकी कापली."

"इसालेची?"

"इसालेची. हद्दीची. दोरीसाठी. बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला त्याच दोरीला वाळत घातलं असतं. आठवड्याने पाट फुटला, खालची रांगच वाहून गेली. मग कुणाला कळणार होतं? पोरगं मोठं झालं, दोरी कापून घेतली, खुंट राहिले. खुंटांना कधी पालवी फुटली ते मी पाहिलं नाही गं. त्या वर्षी मी फक्त पोराला पाहत होते."

कबुलाने हातातलं वाळकं पान खाली ठेवलं.

"बाबा गेल्यावर भांडण लागलं तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. उद्यापर्यंत त्यांनी एकमेकांच्या बायकांबद्दल नको नको ते बोलून घेतलं होतं. म्हटलं, राग उतरू दे. मग..." तिने कोयत्याने केळीकडे दाखवलं. "मग ही केळी. दोघंही पट्ट्यात पाय ठेवेनात. जमीन ओसाड पडली. मी म्हटलं, निकाल लागेपर्यंत दोन केळी लावते. आमच्यात लेकीला जमीन नसते. परत आलेल्या लेकीला तर नसतेच. सोळा वर्षं मी हा पट्टा खातेय, आणि दोघं मला म्हणतात, ताई होती म्हणून आपलं घर टिकलं."

"आता सांगितलं तर?"

"पट्टा दादाचा होईल. न्देरिंगोने मला दोन खोल्या दिल्यात, तो म्हणेल, जिला छप्पर दिलं तिनेच बुडवलं. आणि फानुएल..." फानुएलला तिने पाठीला बांधून वाढवला होता, तो दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली तेव्हापासून. त्याच्याबद्दलचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

"मग नका सांगू," कबुला म्हणाली. तिने दोन-चार पानं ओढली. मग वरच्या रांगेतल्या एका झाडाशी थांबून म्हणाली, "दार-एस-सलामला आमच्या शेजाऱ्यांनी भिंत घातलीय. छान आहे भिंत. चार वर्षं झाली, त्या घरात माणसं किती आहेत ते मला अजून माहीत नाही."

*

दुपारी नेहमीसारखे दोन चुलाणांवर दोन बोकड शिजत होते. इकडे न्देरिंगोच्या अंगणात, तिकडे दादाच्या. सोळा वर्षं दोन्ही घरांतून आइकांदेला घरच्या लेकीचा वाटा यायचा, कमरेचं मांस. दर नाताळला ती दोन बोकडांचा मान एकटी खायची आणि तो तिच्या अंगावर दिसायचाही. आज तिने एकाही वाट्याला हात लावला नाही.

ती वर रस्त्यापाशी गेली, जिथे बापाच्या हातची सगळ्यात जुनी इसाले होती, आणि तिथून दोन पानं कापली. लांब, रुंद, डाग नसलेली. कुठलीही चालली असती. पण तिला ती तिथलीच हवी होती. गाठी मारताना पहिली सुटली. दुसऱ्यांदा तिने दात लावून घट्ट मारली.

मग ती पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"दादा! न्देरिंगो! दोघं या!"

हाकेने कुणी आलं नसतं, पण हातातली पानं दोन्ही अंगणांतून दिसली. अनासिया वहिनीच्या हातातला डाव थांबला. कुणीतरी म्बेगेचा, केळ्याच्या दारूचा, भोपळा खाली ठेवला. दादा इसालेच्या दोन हात अलीकडे येऊन उभा राहिला, न्देरिंगो त्याच्या दगडापाशी. फानुएल आणि कबुला बाळाला घेऊन मागे.

"ताई, हे काय?" न्देरिंगोचा चेहरा उतरला. "कुणाचं काय चुकलं?"

"माझं."

"तुझं काय चुकणार? त्याला सांग, तुझ्यामागे लपून..."

"नाही सांगणार," आइकांदे म्हणाली. "आज मी कुणाचंही कुणाला सांगणार नाही. आज माझंच सांगते, आणि मध्ये बोलू नका, नाहीतर मला परत जमायचं नाही."

आणि तिने सांगितलं. पाऊस, पुरळ, तीन दांडकी. झाडाखाली कबुलाला जसं सांगितलं तसंच, फक्त भराभर. केळ्यांचंही सांगितलं. केळ्यांचं सांगताना तिने मान खाली घातली, पण गाळलं नाही.

मग न्देरिंगो म्हणाला, "खोटं."

"खरं आहे."

"खोटं आहे ताई. भिंत होऊ नये म्हणून रचलंस. तुझा स्वभावच तो. लहानपणी कुणी काय फोडलं की तूच म्हणायचीस, मी फोडलं."

आणि दादा, ज्याचा या गोष्टीत सगळा फायदा होता, त्यानेही मान हलवली. "मला पण पटत नाही. सोय बघून बोलतेय ती. मला असली दया नको. जमीन माझी आहे ती खरी म्हणून हवी, तिने दोष अंगावर घेतला म्हणून नको."

आइकांदे दोघांकडे बघत राहिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही तिच्या विरुद्ध.

तिने पानं काखेत धरली, कोयता घेतला आणि मधल्या इसालेपाशी गेली. खांद्याच्या उंचीवर बुंध्याभोवती वाळकी पानं झालरीसारखी लोंबत होती. सगळ्या रांगेची वाळकी पानं ती दर वर्षी काढायची. या तिन्हींची मात्र खाली ओढून नीट झाकून ठेवायची. तिने ती एका झटक्यात ओढली. वरून खाली.

बुंध्याला कडं होतं, सुजल्यासारखं फुगलेलं. त्या फुगवट्यातून बोटभर निळी नायलॉनची दोरी बाहेर आली होती. बाकीची झाडाने गिळली होती.

फानुएल पुढे आला. त्याने दोरीचं टोक धरून ओढलं. ती हलली नाही. तो पहिल्या इसालेकडे गेला, पानं बाजूला केली. निळी दोरी. तिसऱ्याकडे गेला. निळी दोरी. तिन्ही अगदी एका उंचीवर.

"आत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "ही दोरी..."

"तुझ्या लंगोटांची."

सगळ्यात आधी अनासिया वहिनी हसली. हसणं नव्हे, आतून काहीतरी फुटलं तसा आवाज आला. "सोळा वर्षं!" ती म्हणाली आणि पदर म्हणून बांधलेल्या खांग्याच्या कापडात तोंड खुपसलं. "सोळा वर्षं माझा नवरा लंगोटाच्या खुंटाशी भांडतोय! आणि मी सकाळी काय ओरडले? माझ्या सासऱ्यांच्या हद्दीवर लंगोट! अगं बाई, हद्द होतीच कधी ती!"

कबुला हसली, मग तिला हसलेलं चालेल का म्हणून थांबली, मग कुणीच रागवेना म्हणून पुन्हा हसली.

न्देरिंगो चार पावलं पुढे आला आणि सरळ पट्ट्यातच खाली बसला, केळीच्या बुंध्याला पाठ लावून. ज्या मातीत सोळा वर्षं पाय ठेवला नाही त्या मातीत बसला आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"मी यांना हात जोडायचो," तो म्हणाला. "बाबांनी लावलीत म्हणून. दर नाताळला म्बेगेचा पहिला घोट यांच्या मुळाशी ओतायचो."

"म्हणूनच एवढी माजलीत," दादा म्हणाला.

आइकांदे सवयीने न्देरिंगोकडे वळली, दादा काय म्हणाला ते सांगायला. तोंडही उघडलं होतं. पण न्देरिंगो दादाकडे बघत होता, आणि म्हणत होता, "चांगली गाळलेली ओतायचो रे. गाळ नाही."

"तू आणि गाळून? बाबांच्या वेळी पण कधी गाळली नाहीस. भुसा चावावा लागायचा."

तिने तोंड मिटलं. आणि केळीला पाठ टेकून ऐकत राहिली.

मग तिने पानं पुढे केली. आधी दादापुढे, मग न्देरिंगोपुढे, वयाच्या क्रमाने. दादाने घेतलं, उलटसुलट करून गाठ पाहिली. "घेतलं. आता माफ करावंच लागणार. मोठी हुशार आहेस. आधी कबूल केलं असतंस तर चार शिव्या तरी घातल्या असत्या."

"आताही घाल."

"पान हातात असताना? मला काय मरायचंय?"

न्देरिंगोने त्याचं पान घेतलं आणि मांडीवर ठेवलं. "ताई, तुला खरंच वाटलं, मी तुला घराबाहेर काढीन?"

आइकांदेने कोयत्याच्या मुठीवरची माती पुसली.

"वाटलं," तो म्हणाला. "म्हणजे मी तसा वागलो असेन कधीतरी." तो उठला. कपडे झटकले. मग दादापुढे जाऊन उभा राहिला, आणि हातातलं पान त्याच्यापुढे धरलं. "वहिनीबद्दल जे बोललो होतो ना मी. बाबांना पुरल्यावर, तिसऱ्या दिवशी. ते."

दादाने पानाकडे पाहिलं. "हे तर तिचं पान आहे. स्वतःचं काप."

"आता कुठे वर जाऊ कापायला? गाठ मारलेली आहेच."

"आळशी तो आळशीच राहिला," दादा म्हणाला आणि पान घेतलं. मग स्वतःच्या डाव्या हातातलं पान न्देरिंगोच्या हातात कोंबलं, एकदाचं द्यायचं असतं तसं, दुसरीकडे बघत. "आणि हे तुझ्या बायकोबद्दल जे मी बोललो त्याचं. ती बिचारी आज असती तर तिला दिलं असतं."

अनासिया वहिनी डोळे पुसत म्हणाली, "दोन पानांत सगळ्यांचं भागवलंत. काटकसर शिकावी तर या घराकडून."

पण म्हणून वाद संपले असं कुणी समजू नये. पट्टा आपलाच होता हे दादाने पुढच्या घटकाभरात पाच वेळा सांगितलं. "केळी मात्र तिची," तो म्हणाला, "ती आहे तोवर. पण त्या मधल्या केळीचा घड मला. सोळा वर्षं मी त्याचा नुसता वास घेतोय." आइकांदे म्हणाली, अर्धा घड. तो म्हणाला, पाऊण. वहिनी म्हणाली, अर्धाच, तुम्हाला दात किती उरलेत?

फानुएल रस्त्याकडेच्या ठोकळ्यांकडे बघत होता. "आणि याचं मी काय करू? माणसं पण सांगून ठेवलीत उद्याची."

"माणसांना येऊ दे," आइकांदे म्हणाली. "खड्डे खणू देत. पण अवोकाडोपासून पाटापर्यंत, बाबांच्या जुन्या रेषेत. वरच्या रांगेतली उंच झालेली इसाले आज कापून सावलीत ठेवते. परवा खोचू. वीत-दीड वीत अंतर, नीट खेटून. आणि फानुएल, तू खोचायचीस. मी आता हद्दीवर दांडकं खोचत नाही."

"आणि ठोकळ्यांची आत्याला न्हाणी बांध," कबुला म्हणाली. "पत्रा उडालाय तिचा. मी सकाळी तिथे आंघोळ केली, सगळा डोंगर मला बघत होता."

"आणि ही तीन?" फानुएलने विचारलं. "उपटायची?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. आता ती त्याच्या जमिनीत होती, आणि हद्दीची नव्हती, म्हणजे कुणाचीच नव्हती. दादा मधल्या इसालेशी गेला आणि दोरीच्या निळ्या टोकावरून अंगठा फिरवला.

"राहू दे," तो म्हणाला. "झाडाने एवढं गिळलंय."

मग तो अवोकाडोच्या मुळावर बसला, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पसरले. कबुला पुढे झाली. ती न्देरिंगोच्या दगडाच्या पुढे आली, पट्ट्यातून आली, आणि कुणी काही म्हटलं नाही. तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. दादाने त्याच्या कपाळाला ओठ लावले आणि मोठ्याने हाक मारली, "एलिआफो!" दुसऱ्यांदा, "एलिआफो!" तिसऱ्यांदा म्हणायच्या आतच तो ताडकन सरळ झाला, कारण पाहुण्याने त्याची नाताळची विजार पार भिजवली होती.

"पणजोबांवर गेलाय," न्देरिंगो म्हणाला. "त्यांनाही लांबलचक कार्यक्रम आवडायचे नाहीत."

कबुलाने घाईने लंगोट सोडला, दुसरा लावला, आणि ओला हातात धरून उभी राहिली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सकाळची दोरी खाली गुंडाळून पडली होती. अनासिया वहिनीने ती उचलली. एक टोक पहिल्या इसालेला बांधलं, मधल्याला एक वेढा घेतला, तिसऱ्याला गाठ मारली. मग कबुलाच्या हातातून लंगोट घेतला, झटकला, आणि चिमटा लावला.

दादा ओल्या मांडीने, बाळाला हातावर घेऊन, कौतुकाने ते बघत होता.

"आइकांदे," तो म्हणाला, "त्याला सांग, भोपळ्यात म्बेगे उरलीय का बघायला."

"कुणाला?"

दादाने मान वळवली. न्देरिंगो हातभर अंतरावर, त्याच मुळावर बसला होता.

"कुणाला नाही," दादा म्हणाला. "इथेच तर बसलाय."